मार्टिन ल्यूथर

मार्टिन ल्यूथर (१० नोव्हेंबर, इ.स. १४८३ – १८ फेब्रुवारी, इ.स. १५४६) हे जर्मन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ, ऑगस्टिनियन संघाचे संन्यासी, विटेनबर्ग विद्यापीठातील बायबलचे प्राध्यापक आणि सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणा चळवळीचे प्रवर्तक होते. मनुष्य स्वतःच्या पुण्यकर्मांमुळे नव्हे, तर केवळ देवाच्या कृपेने व विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होय. या सिद्धान्ताच्या प्रकाशात त्यांनी बायबलमधील थोर व्यक्तींच्या चरित्रांचा नव्याने अर्थ लावला. अब्राहाम, याकोब, यहूदा, दावीद व पेत्र हे निर्दोष होते म्हणून देवाने त्यांना निवडले नाही. ते सदोष असतानाही त्यांच्याद्वारे आपले कार्य केले, असे त्यांचे प्रतिपादन होते. ल्यूथर यांच्या स्वतःच्या जीवनातही गंभीर दोष आढळतात. त्यामुळे हा विचार त्यांच्या चरित्राच्या मूल्यमापनातही महत्त्वाचा ठरतो.

बालपण आणि शिक्षण

ल्यूथर यांचा जन्म जर्मनीतील आइसलेबेन या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव हान्स आणि आईचे मार्गारेटे असे होते. जन्मानंतर वर्षभरातच कुटुंब मान्सफेल्ड येथे स्थायिक झाले. तेथे हान्स यांनी तांब्याच्या खाणी व भट्ट्यांच्या व्यवसायात जम बसवला. मुलाने कायद्याचे शिक्षण घेऊन प्रतिष्ठित पद मिळवावे, अशी त्यांची इच्छा होती. मान्सफेल्ड, माग्डेबुर्ग व आयझेनाख येथील शालेय शिक्षणानंतर ल्यूथर यांनी इ.स. १५०१ मध्ये एरफुर्ट विद्यापीठात प्रवेश घेतला आणि इ.स. १५०५ मध्ये तेथून पदव्युत्तर पदवी संपादन केली.

त्याच वर्षी त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला. २ जुलै, इ.स. १५०५ रोजी एरफुर्टला परतत असताना श्टोटेर्नहाइम गावाजवळ ते वादळात सापडले. जवळच वीज कोसळल्याने भयभीत होऊन त्यांनी संत ॲनाचा धावा केला आणि वाचल्यास संन्यास घेण्याचा नवस बोलला. दोन आठवड्यांनी, १७ जुलै रोजी, वडिलांची नाराजी पत्करून ते एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले.

मठातील जीवन

इ.स. १५०७ मध्ये ल्यूथर यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. उपवास, जागरणे, प्रार्थना व वारंवार पापकबुली यांत त्यांनी कसूर केली नाही. तथापि, आपण देवाला पसंत पडलो आहोत अशी खात्री त्यांना लाभली नाही. केलेल्या प्रत्येक पापाची आठवण होणे शक्य नाही. आठवले तरी त्याचा पश्चात्ताप खऱ्या प्रेमातून झाला की केवळ शिक्षेच्या भीतीतून, हे सांगता येत नाही, अशी त्यांची अडचण होती. संघाचे वरिष्ठ अधिकारी योहान फॉन श्टाउपिट्झ यांनी त्यांना स्वतःच्या पापांकडे टक लावून बसण्याऐवजी ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहण्याचा सल्ला दिला. श्टाउपिट्झ यांच्याच आग्रहावरून ल्यूथर यांनी इ.स. १५१२ मध्ये धर्मशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि विटेनबर्ग विद्यापीठात बायबलचे अध्यापन स्वीकारले. हे पद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

कृपाविषयक सिद्धान्ताची जडणघडण

इ.स. १५१३ ते १५१८ या काळात ल्यूथर यांनी स्तोत्रसंहिता, रोमकरांस पत्र, गलतीकरांस पत्र व इब्री लोकांस पत्र यांवर क्रमाने व्याख्याने दिली. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील देवाचे नीतिमत्त्व ही संज्ञा त्यांना विशेष छळत असे. पाप्यांना शिक्षा करणारा देवाचा न्याय, असा तिचा अर्थ त्यांना शिकवण्यात आला होता. इ.स. १५४५ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनपर प्रस्तावनेत त्यांनी नमूद केले आहे की, दीर्घ चिंतनानंतर या संज्ञेचा वेगळा अर्थ त्यांना उमगला: देव ज्या नीतिमत्त्वाने मनुष्याला शिक्षा करतो ते नव्हे, तर जे तो मनुष्याला दानरूपाने देतो ते नीतिमत्त्व. हा बोध नेमक्या कोणत्या वर्षी झाला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

मध्ययुगीन धर्मशास्त्रात कृपा ही प्रामुख्याने मनुष्याच्या आत्म्यात ओतली जाणारी आणि त्याला हळूहळू नीतिमान बनवणारी शक्ती मानली जात असे. ल्यूथर यांच्या मते कृपा म्हणजे देवाची मनुष्यावरील मर्जी होय. देव ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वास ठेवणाऱ्याच्या खात्यावर जमा करतो. त्यामुळे मनुष्य पूर्णपणे नीतिमान गणला जातो. परंतु त्याच्या स्वभावातील पाप मरेपर्यंत उरते. म्हणून विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, हे सूत्र त्यांनी मांडले. याचा अर्थ तो अर्धा चांगला व अर्धा वाईट असा नव्हे. देवाच्या अभिवचनाच्या दृष्टीने तो पूर्ण नीतिमान आणि स्वतःच्या दृष्टीने पूर्ण पापी असतो. रोमकरांस पत्रावरील व्याख्यानांत त्यांनी यासाठी रुग्णाचा दृष्टान्त दिला. बरे करण्याचे वचन वैद्याने दिले असल्यामुळे रुग्ण आशेने निरोगी असतो, प्रत्यक्षात मात्र अजून आजारी असतो.

एप्रिल, इ.स. १५१८ मध्ये हायडेलबर्ग येथील वादसभेत त्यांनी या विचाराला आणखी एक जोड दिली. मनुष्याचे प्रेम एखाद्या गोष्टीत काही आवडण्याजोगे दिसल्यावर उत्पन्न होते. देवाचे प्रेम मात्र प्रेमास अपात्र असलेल्यावर आधी जडते आणि त्याला प्रिय करते. बायबलमधील सदोष व्यक्तींविषयी ल्यूथर यांनी पुढे जे लिहिले त्याचा पाया या विधानात आहे.

पोपशी संघर्ष

३१ ऑक्टोबर, इ.स. १५१७ रोजी ल्यूथर यांनी पापमुक्तिपत्रांच्या विक्रीला आक्षेप घेणारे पंच्याण्णव सिद्धान्त माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांना पाठवले. ते विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर ठोकल्याची कथा प्रसिद्ध असली, तरी तिच्या ऐतिहासिकतेविषयी एकमत नाही. रोममधील सेंट पीटर बॅसिलिकेच्या बांधकामासाठी व आल्ब्रेख्त यांचे कर्ज फेडण्यासाठी ही विक्री चालू होती. योहान टेट्झेल हे तिचे प्रमुख प्रचारक होते. छपाईमुळे हे सिद्धान्त अल्पावधीत सर्वत्र पोहोचले.

इ.स. १५१९ मध्ये लाइपझिग येथे योहान एक यांच्याशी झालेल्या वादात ल्यूथर यांनी पोप व धर्मपरिषदा यांच्याकडूनही चूक होऊ शकते असे मान्य केले. १० डिसेंबर, इ.स. १५२० रोजी त्यांनी पोपचे ताकीदपत्र जाहीरपणे जाळले. ३ जानेवारी, इ.स. १५२१ रोजी पोप दहावा लिओ यांनी त्यांना बहिष्कृत केले. एप्रिलमध्ये वर्म्स येथील साम्राज्यसभेपुढे, सम्राट पाचवा चार्ल्स यांच्या उपस्थितीत, त्यांनी आपले लेखन मागे घेण्यास नकार दिला. त्यानंतर सॅक्सनीचे इलेक्टर फ्रेडरिक यांनी त्यांना वार्टबुर्ग किल्ल्यात सुरक्षित ठेवले.

वार्टबुर्ग येथे त्यांनी नव्या कराराचे मूळ ग्रीकवरून जर्मन भाषांतर केले. ते सप्टेंबर, इ.स. १५२२ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण बायबलचे भाषांतर इ.स. १५३४ मध्ये पूर्ण झाले. इ.स. १५२१ मध्ये त्यांनी मरीयेच्या स्तुतिगीतावर भाष्य लिहिले. मरीया ही स्वतःच्या पुण्याईमुळे निवडली गेली नाही; देवाने एका नगण्य मुलीकडे दृष्टी वळवली, हेच तिच्या गीताचे मर्म होय, असे त्यांनी त्यात दाखवले.

विवाह व कौटुंबिक जीवन

१३ जून, इ.स. १५२५ रोजी ल्यूथर यांनी मठ सोडून आलेल्या कातारिना फॉन बोरा यांच्याशी विवाह केला. त्यांना सहा अपत्ये झाली. कन्या एलिझाबेथ तान्हेपणीच, तर माग्डालेना इ.स. १५४२ मध्ये तेराव्या वर्षी मरण पावली. उत्पत्तीच्या पुस्तकातील कुलपित्यांच्या घरगुती जीवनाविषयी, त्यांच्या भांडणांविषयी आणि मुलांच्या वियोगाविषयी ल्यूथर यांनी ज्या जिव्हाळ्याने लिहिले, त्यामागे हा अनुभव असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

बायबलमधील सदोष व्यक्तींविषयीचे विवेचन

या विषयावरील ल्यूथर यांचे सर्वांत विस्तृत विवेचन उत्पत्तीच्या पुस्तकावरील व्याख्यानांत आढळते. ही व्याख्याने त्यांनी विटेनबर्ग येथे इ.स. १५३५ ते १५४५ या दहा वर्षांत दिली. विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांवरून ती ग्रंथरूपात आली आणि त्यांतील बहुतांश खंड ल्यूथर यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यामुळे काही वाक्यांवर संपादकांचा हात फिरल्याची शक्यता अभ्यासक लक्षात घेतात.

नोहा द्राक्षारस पिऊन नशेत पडला, या प्रसंगाचे समर्थन करण्यासाठी काही जुन्या टीकाकारांनी त्याला द्राक्षारसाचा परिणाम ठाऊक नव्हता असे म्हटले होते. ल्यूथर यांनी ही सबब नाकारली. असे समर्थन करणारे लोक नकळत वाचकाकडून मोठे सांत्वन हिरावून घेतात, असे त्यांचे मत होते. थोर संतही पडतात, हे शास्त्राने मुद्दाम लिहून ठेवले आहे. ते झाकले, तर दुर्बळ माणसाला आपल्यासाठी काही आशा आहे हे कसे कळणार, असा त्यांचा युक्तिवाद होता.

यहूदा व त्याची सून तामार यांची कथा हे दुसरे उदाहरण होय. यहूदाने विधवा सुनेला दिलेला शब्द पाळला नाही आणि पुढे तिला वेश्या समजून तिच्याशी संबंध ठेवला. या संबंधातून जन्मलेला पेरेस हा दावीदाचा आणि मत्तयाच्या वंशावळीनुसार येशूचा पूर्वज होय. ख्रिस्ताने निष्कलंक घराणे न निवडता असे घराणे निवडले, याकडे ल्यूथर यांनी लक्ष वेधले. अशा कथांतून कोणीही स्वतःच्या पवित्रतेचा गर्व करू नये आणि कोणीही स्वतःच्या पापामुळे निराश होऊ नये, असा दुहेरी बोध त्यांनी काढला.

मात्र प्रत्येक ठिकाणी त्यांनी हीच पद्धत वापरली असे नाही. याकोबाने आंधळ्या इसहाकाला फसवून एसावाचा आशीर्वाद मिळवला, त्या प्रसंगी ते रिबका व याकोब यांचा बराचसा बचाव करतात. देवाचे अभिवचन याकोबाच्या बाजूने असल्याने ही फसवणूक स्वार्थी खोटेपणात मोडत नाही, असे ते म्हणतात.

कृपा आणि देवाचे सर्वव्यापी सामर्थ्य यांत ल्यूथर यांनी भेद केला आहे. इरॅस्मस यांना उत्तर म्हणून इ.स. १५२५ मध्ये लिहिलेल्या मानवी इच्छेच्या दास्याविषयीच्या ग्रंथात त्यांनी लंगड्या घोड्याचा स्वार आणि खांडे पडलेली कुऱ्हाड चालवणारा सुतार असे दृष्टान्त योजले. स्वार कुशल असला तरी घोडा लंगडतच चालतो. दोष घोड्याचा असतो. फारोसारख्या कठोर मनुष्याद्वारेही देव आपला हेतू साधतो, परंतु त्यामुळे फारो क्षमा पावलेला ठरत नाही. दावीद किंवा पेत्र यांच्या बाबतीत याहून वेगळे घडते. तेथे देव सदोष मनुष्याचा केवळ उपयोग करून घेत नाही, तर त्याला क्षमा करून आपला म्हणतो.

हाच विचार चर्चच्या व्यवहारालाही लागू झाला. इ.स. १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासकबुलीत म्हटल्याप्रमाणे, धर्मगुरू दुराचारी असला तरी त्याने दिलेले संस्कार निष्फळ होत नाहीत. कारण त्यांचे सामर्थ्य ख्रिस्ताच्या आज्ञेत व अभिवचनात असते. ही कबुली फिलिप मेलांख्थोन यांनी लिहिली होती आणि या मुद्द्यावर ती संत ऑगस्टिन यांच्या परंपरेला अनुसरते.

दावीद आणि पश्चात्तापाचा प्रश्न

देव सदोष माणसांनाही स्वीकारतो, तर दोष सोडण्याची गरज काय, असा आक्षेप ल्यूथर यांच्या हयातीतच पुढे आला. त्यांचे जुने सहकारी योहान आग्रिकोला यांनी ख्रिस्ती लोकांना नियमशास्त्राचा उपदेश करण्याची आवश्यकता नाही अशी भूमिका घेतली. इ.स. १५३७ पासून ल्यूथर यांनी तिच्याविरुद्ध वादसभांची मालिका चालवली.

श्मालकाल्डन सूत्रांत त्यांनी दावीदाच्या उदाहरणाने आपली भूमिका स्पष्ट केली. बथशेबेशी व्यभिचार आणि तिचा पती उरीया याची हत्या ही कृत्ये केली तेव्हा विश्वास व पवित्र आत्मा दावीदापासून निघून गेले होते, असे त्यांनी लिहिले. मनुष्याच्या ठायी उरलेल्या पापाशी झगडणे वेगळे आणि पापाला मोकळीक देणे वेगळे. एकावन्नाव्या स्तोत्रावरील व्याख्यानांत (इ.स. १५३२) त्यांनी दोषी मनुष्य आणि त्याला नीतिमान ठरवणारा देव हाच धर्मशास्त्राचा खरा विषय असल्याचे सांगितले. नाथान संदेष्ट्याने राजाला तोंडावर दोषी ठरवले, त्यानंतरच क्षमेचा शब्द उच्चारला गेला. नियमशास्त्र पाप उघड करते आणि सुवार्ता क्षमा देते. यांपैकी एकही वगळता येत नाही, हा ल्यूथर यांचा निष्कर्ष होता.

वादग्रस्त भूमिका

शेतकरी युद्धात (इ.स. १५२४–१५२५) ल्यूथर यांनी प्रारंभी सरदारांच्या जुलमावरही टीका केली. परंतु हिंसाचार वाढल्यावर त्यांनी बंडखोरांना निर्दयपणे ठार करण्याचे आवाहन करणारी पुस्तिका लिहिली. ती प्रसारित होत असतानाच बंड मोडून काढण्यात आले आणि हजारो शेतकरी मारले गेले.

हेसचे लँडग्रेव्ह फिलिप यांनी पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह करण्याची परवानगी मागितली, तेव्हा जुन्या करारातील कुलपित्यांच्या बहुपत्नीत्वाचा आधार घेण्यात आला. ल्यूथर, मेलांख्थोन व मार्टिन बुत्सर यांनी डिसेंबर, इ.स. १५३९ मध्ये अपवाद म्हणून व गुप्ततेच्या अटीवर याला संमती दिली. विवाह इ.स. १५४० मध्ये झाला व बातमी फुटली. ल्यूथर यांनी तो नाकारण्याचा सल्ला दिला. या प्रकरणाने फिलिप सम्राटापुढे दुबळे पडले आणि प्रोटेस्टंट संघाची मोठी हानी झाली. कुलपित्यांच्या पतनकथा सांत्वनासाठी आहेत, अनुकरणासाठी नाहीत, हे ल्यूथर यांचेच तत्त्व येथे बाजूला पडले, अशी टीका होते.

सर्वाधिक निषेध त्यांच्या यहुदीविरोधी लेखनाचा झाला आहे. इ.स. १५२३ मध्ये त्यांनी यहुद्यांशी सौम्यपणे वागण्याचा पुरस्कार केला होता. इ.स. १५४३ मधील पुस्तकात मात्र त्यांनी यहुद्यांची सभास्थाने व घरे जाळावीत, ग्रंथ हिरावून घ्यावेत अशा सूचना केल्या. याच वर्षांत ते उत्पत्तीवरील व्याख्यानांतून इस्राएलाच्या कुलपित्यांवरील कृपेचे वर्णन करत होते. त्यांच्या वंशजांना मात्र त्यांनी साधी माणुसकीही नाकारली. विसाव्या शतकात नाझींनी या लेखनाचा प्रचारासाठी वापर केला. अमेरिकेतील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चने इ.स. १९९४ मध्ये हे लेखन अधिकृतपणे नाकारले.

मृत्यू

जानेवारी, इ.स. १५४६ मध्ये मान्सफेल्डच्या सरदारांमधील तंटा मिटवण्यासाठी ल्यूथर आइसलेबेनला गेले. समेट घडवून आणल्यानंतर १८ फेब्रुवारी रोजी जन्मगावीच त्यांचे निधन झाले. विटेनबर्गच्या किल्ल्यातील चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या अखेरच्या टिपणात त्यांनी शास्त्र पूर्णपणे समजल्याचा दावा कोणी करू नये असे सांगून, देवापुढे सर्व माणसे भिक्षेकरी आहेत असे नोंदवले होते.

वारसा

कॅथलिक चर्चने इ.स. १५४७ मध्ये ट्रेंट धर्मपरिषदेत ल्यूथर यांचा नीतिमान ठरण्याविषयीचा सिद्धान्त अमान्य केला. नीतिमत्त्व केवळ गणले जात नाही, तर मनुष्य आतून खरोखर नवा होतो, यावर परिषदेने भर दिला. ३१ ऑक्टोबर, इ.स. १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्र स्वीकारले आणि मूलभूत मुद्द्यांवर सहमती दर्शवली.

जर्मन ल्यूथरन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी इ.स. १९३७ मधील ग्रंथात पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या क्षमेला स्वस्त कृपा असे संबोधले. ल्यूथर यांच्या अनुयायांनी त्यांचा निष्कर्ष उचलला, पण ज्या झगड्यातून तो निघाला तो झगडा टाळला, असा त्यांचा आरोप होता. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल बोनहोफर यांना इ.स. १९४५ मध्ये फाशी देण्यात आली.

भारताशी संबंध

भारतातील पहिले प्रोटेस्टंट मिशनरी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्युत्शाउ हे ल्यूथरन होते. ते ९ जुलै, इ.स. १७०६ रोजी डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगंबाडी येथे उतरले. त्या वेळी आसपासच्या प्रदेशावर तंजावरच्या भोसले घराण्याचे राज्य होते. त्सीगेनबाल्ग यांनी केलेले नव्या कराराचे तमिळ भाषांतर इ.स. १७१५ मध्ये छापून पूर्ण झाले. पुढे याच परंपरेतील क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हे तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांचे शिक्षक व पालक बनले. श्वार्ट्झ यांच्या मृत्यूनंतर (इ.स. १७९८) सरफोजी राजांनी त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावर येथील चर्चमध्ये आहे.